पेटीची गार बाजू

परवा नववीच्या पेपरांचा शेवटचा गठ्ठा शाळेत देऊन घरी आले, चप्पल काढली आणि सवयीनं आधी पेटीजवळच्या आकड्याकडं पाहिलं. चौतीस. पेटीखालची हीट मॅट मी होळीच्या आधीच बंद केलेली, वरचा दिवा काढून कपाटात ठेवलेला. म्हणजे ही ऊब कुणी दिलेली नव्हती, ती आपल्या पायांनी चालत आली होती. गारखेड्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावर उन्हाळा असाच येतो. आधी गच्चीची फरशी तापते, मग छत, मग भिंती, मग पलंगाची लोखंडी कड, आणि संध्याकाळी मांडणीतल्या वाट्यासुद्धा हाताला कोमट लागतात. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, सोसवतो, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी स्टूल बाजूला केलं आणि पेटी खिडकीपासून आत ओढायच्या तयारीला लागले.

पेटीत लाडू आहे. लाडू म्हणजे अजगराच्या जातीतला, आफ्रिकेकडचा, चांगला अडीच हात लांब साप. घाबरला की स्वतःभोवती वेटोळं घालून घट्ट गोळा होतो, म्हणून विकासनं, माझ्या नवऱ्यानं, त्याचं नाव लाडू ठेवलं. इथले साप घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. हा परदेशी, बिनविषारी, रीतसर कागद केलेला. विकासचा पुण्याचा मित्र बाहेरदेशी गेला तेव्हा त्याच्या गळ्यात टाकून गेला. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा बाकीच्यांच्या घरी दीर असतो तसा हा आधीच होता. पहिले काही महिने मी त्या खोलीची कडीही काढली नाही. मग एका थंडीत विकास तापानं आडवा झाला, पेटीची उष्णता कुणीतरी बघायला हवी होती, आणि अंगावर शाल घेऊन, देवाचं नाव घेत मीच आत गेले. तो कोपऱ्यात गोळा होऊन पडला होता. माझ्याहून जास्त घाबरलेला होता मेला. तेव्हापासून आमचं बरं जमतं.

सापाला स्वतःची ऊब नसते. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, उकडलं की घाम येतो. त्याला यातलं काही नाही. बाहेर जेवढं, तेवढंच आत. म्हणून पेटीला दोन बाजू ठेवाव्या लागतात, एक गरम आणि एक गार. गरम बाजू बत्तीसच्या आसपास, गार बाजू सव्वीसच्या. जेवण पचवायचं असलं की तो गरम बाजूला जाऊन बसतो, नको झालं की सरकत इकडं येतो. पस्तीसच्या वर आकडा गेला आणि तिथंच थांबला, तर तो आतल्या आत शिजतो. 'शिजतो' हा विकासचा शब्द. मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा कसंसंच झालं होतं.

सापांवरची विकासची सगळी पुस्तकं थंड मुलखातल्या लोकांनी लिहिलेली. ऊब कशी द्यायची, दिवा किती उंचीवर टांगायचा, थर्मोस्टॅटची वायर कुठं चिकटवायची, पानंच्या पानं. बाहेर बेचाळीस असताना आतला गारवा कसा राखायचा, याबद्दल एक ओळ नाही. कशाला असेल? मी भूगोल शिकवते, पण पोरांना समताप रेषा शिकवताना त्या रेषेवर एखादं घर असतं आणि त्या घरात कुणीतरी श्वास घेत पडलेलं असतं, हे माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या एका उन्हाळ्यात आलं.

त्या उन्हाळ्यात मला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझा रक्तदाब वर सरकायला लागला आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, शहर सोडायचं नाही. विकासला नेमकं तेव्हाच कारखान्यानं गुजरातेतल्या नव्या युनिटवर पाठवलेलं. मग माहेरच माझ्याकडं आलं. फर्दापूरच्या अलीकडच्या खेड्यातून आई एस.टी.नं आली, डोक्यावर बाजरीच्या पिठाचा डबा आणि बगलेत दोन गोधड्या. भर उन्हाळ्यात गोधड्या कशाला, म्हटलं, तर म्हणाली, "लेकरू काय उघड्यावर निजवती का गं?"

पाणी पिऊन झाल्यावर ती घर बघत फिरली. आतल्या खोलीच्या दारात थबकली.

"ह्ये अजून हाय घरात?"

"हाय की. जाईल कुठं?"

"आन् तू अशी?" तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं. "तुला कुणी सांगितलं नाय का? पोटुशीची सावली जनावरावर पडली तर आंधळं व्हतंय ते. आन् पोटुशीच्या घरात जनावर मरू बी ने. मेलं तर पोटावर येतंय."

आई साप हा शब्द कधीच उच्चारत नाही. जनावर, नाहीतर लांबडं. मी हसले. अगदी मोकळेपणानं हसले, कारण मी शिकलेली, विकास शिकलेला, आणि सावलीनं कुणी आंधळं होत नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त हसता हसता माझा हात पोटावर गेला होता. तो आईनं पाहिला.

कुणाला देऊन टाकू, असाही विषय निघाला. पण मे महिन्यात असं जनावर सांभाळायला कोण घेणार? विकासच्या ओळखीतला एक जण होता, तोही गावी गेलेला. शेवटी आई म्हणाली, "आता हाय तर हाय. पर जगलं पायजे. तुझं मोकळं व्हईस्तोवर ह्याला काय बी व्हता कामा नये." आणि तिनं पदर खोचला. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच काम चालू झालं. मला सांगायला लाज वाटत नाही, आठ-दहा दिवसांत मीसुद्धा तसंच मोजायला लागले. लाडू ठीक, तर बाळ ठीक. पोटात पाय लागला की मी हळूच उठून पेटीत डोकावायची. तो जीभ बाहेर काढून आत घ्यायचा, आणि मग माझा जीव भांड्यात पडायचा.

आकडा मात्र चढत होता. घाई नाही, गडबड नाही. आज तेहेतीस, उद्या साडेतेहेतीस. दुपारी कूलर लावला की थोडा उतरायचा. पण कूलरला पाणी लागतं आणि आमच्या कॉलनीत नळ किती दिवसांनी येईल ते नळालाच माहीत. कूलरमध्ये ओतावं तर पिंपाचा तळ दिसायचा, न ओतावं तर पेटी तापायची. इकडे आड, तिकडे विहीर. आणि त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून ऐन दुपारी लाइट जायची. इन्व्हर्टरवर एक पंखा चालायचा तेवढा. तो गरम हवाच गरागरा फिरवायचा. मी भिंतीला पाठ लावून फरशीवर बसायची, पाय सुजलेले, कपाळ ठणकत असलेलं, आणि समोर पेटीच्या गार बाजूला लाडू. ती आता नावालाच गार होती.

विकास फोनवर होता. "पेटी जमिनीवर ठेव, गरम हवा वर जाते. बाटलीत बर्फ कर, फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून लाव, आत ठेवू नकोस. थंडीचा झटका बसतो त्याला." सगळं बरोबर होतं त्याचं. पण उंटावरून शेळ्या हाकणं बरोबर असलं तरी राग येतोच. "मला काय लावू ते सांग एकदा," मी एकदा ओरडले. तो म्हणाला, "तू पण झोप ना त्याच खोलीत, खाली, फरशीवर." आणि मी खरंच तिथं झोपायला लागले.

बर्फासाठी आमचा फ्रीज पुरेना. त्याचा अर्धा कप्पा लाडूच्या खाण्यातल्या, गोठवलेल्या उंदरांच्या पाकिटांनी अडवलेला. ती आईनं पाहिली तेव्हा ती दोन दिवस फ्रीजमधलं दूध प्यायली नाही. खालच्या मजल्यावर नसीम खाला राहतात. त्यांची लाइट वेगळ्या फेजवर, आमची गेली तरी त्यांची असायची. जिन्यातून त्याच हाक मारायच्या, "अगे बेटा, बरफ ले के जा. कायकू शरमाती? तेरे वास्ते नइं तो उस बेजुबान के वास्ते ले." पुढं आईच खाली जायला लागली. एकीची दख्खनी, दुसरीची फर्दापुरी, पण उन्हाबद्दल दोघींचं एकमत असायचं.

अजून एक सांगते. त्या दिवसांत आमच्या गल्लीत कुत्री ओरडायची बंद झाली होती. गाड्यांखालच्या सावलीत नुसती पडून असायची. समोरच्या निंबावर कावळे चोच उघडी टाकून बसायचे. एका दुपारी रस्त्यावर फुटलेल्या पाइपचं डबकं दिसलं, संध्याकाळी तिथं नुसता डाग होता. मी खिडकी लावून घेतली. आता वाटतं की सगळं आजूबाजूला सांगत होतं, पण तेव्हा कोण ऐकत होतं? आम्हां दोघींचे डोळे एका आकड्यावर.

आणि मग लाडूचे डोळे बदलले.

आधी आईला दिसलं. त्या संध्याकाळी तिनं भाकरी करपवली. आईच्या हातून भाकरी करपलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी विचारलं, तर तव्याकडं बघत म्हणाली, "आंधळं झालं ते."

मी आत गेले. लाडूचे काळे, टपोरे डोळे निळसर पांढरे झाले होते, दूध सांडल्यासारखे. माझी सावली काचेवर पडली होती. मी झटकन बाजूला झाले. भूगोलाची शिक्षिका, एम.ए. बी.एड., सावली सावरून बाजूला झाले!

विकासला फोन लावला तर तो हसला. "अगं वेडे, कात टाकणार आहे तो. कात टाकायच्या आधी डोळे असेच होतात. डोळ्यांवरचीही कात निघते, मग स्वच्छ." मी खालीच बसले. मग तो म्हणाला, "फक्त हवा फार कोरडी नको. फार तापलं, फार कोरडं झालं तर डोळ्यांवरची कात चिकटून बसते. ती नाही निघाली तर मात्र दिसायचं कमी होतं." म्हणजे आईचं खोटं आणि विकासचं खरं एकाच जागी येऊन उभं राहिलं होतं. मी आईला फक्त कातीचं सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी जेवण करून मी हॉलमध्ये कूलरपुढं आडवी झाले. रात्रभर झोप नव्हती, डोळा लागला. जाग आली ती कूलर बंद पडल्यानं. लाइट गेली होती, आणि कधी गेली ते कळायला मार्ग नव्हता. अंग घामानं निथळत होतं. आतल्या खोलीत गेले आणि पेटी मला दिसलीच नाही. पेटीच्या जागी गोधडी होती. आईनं दोन्ही गोधड्या पेटीवर चहूबाजूंनी नीट पांघरल्या होत्या, कडा खाली दुमडून, लेकराला निजवावं तशा. माझी सावली पडू नये म्हणून.

मी गोधडी ओढली. आतून भट्टीचं झाकण उघडल्यासारखी वाफ आली. आकडा अडतीस होता. लाडू गोळा झालेला नव्हता, तो लांब पडला होता, पाण्याच्या भांड्यात डोकं टाकून, तोंड उघडं. साप तोंड उघडून श्वास घेतो तेव्हा काय समजायचं ते पुस्तकात होतं.

"आई!" मी केवढ्यानं ओरडले असेन, नसीम खाला वर आल्या.

मी त्याला दोन्ही हातांनी उचललं. नेहमी तो हातात आवळतो, तेव्हा तो ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. न्हाणीत नेलं, नळ सोडला, तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी उकळतं आलं. घरात गार पाणी एकाच जागी होतं, प्यायच्या माठात. आईनं छावणीच्या बाजारातून आणलेला तो माठ. तिनं आख्खा माठ कडेवर घेतला आणि आणला. टबमध्ये थोडं टाकीचं, थोडं माठातलं, असं कोमटाहून जरा गार करत करत मी त्याला त्यात धरून बसले. एकदम गार नाही, एकदम नाही, असं मी स्वतःलाच बजावत होते. नसीम खाला दारात उभ्या राहून दुवा म्हणत होत्या. आई माठ धरून उभी होती.

"म्या झाकलं गं त्येला," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच झाकलं."

"माहीत आहे मला. पाणी ओत."

किती वेळ गेला ते कळलं नाही. माझी कंबर फुटत होती, पाय बधिर झाले होते. मग लाडूनं तोंड मिटलं. जीभ बाहेर आली, आत गेली. आणि हळूहळू त्यानं माझ्या मनगटाला वेटोळं घातलं. आई तिथंच, ओल्या फरशीवर मटकन बसली आणि तिनं पाण्यातल्या लाडूला लांबून हात जोडले. मला हसू आलं आणि रडूही आलं. वाचलो बाई, असं मी म्हणाले. वाचला असं नाही, वाचलो असं म्हणाले.

पुढचे दिवस आम्ही त्याच्या पेटीला फुलासारखं जपलं. एका जुन्या माठाचं फुटकं बूड ओलं करून त्यात त्याला लपायला जागा केली, पेटीच्या बाहेरून ओली फडकी बदलत राहिलो. आकडा उतरला. आणि एका सकाळी मी दात घासत आत गेले, तर पेटीत पूर्ण कात पडलेली होती, तोंडापासून शेपटीपर्यंत कुठंही न फाटलेली. डोळ्यांच्या जागी दोन गोल, पातळ चकत्या, सुटून आलेल्या. लाडू खापराखालून बाहेर आला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळे काळेभोर.

आईचा आनंद काय सांगावा! तिनं जिन्यात जाऊन प्रत्येक दारात साखर वाटली. कात दोन बोटांनी उचलून स्वच्छ फडक्यात घडी केली आणि माझ्या उशीखाली ठेवली. "कात जवळ असली की बाळंतीण सुखानं सुटती," म्हणाली. "आता काय बी भ्या नाय. आता समदं चांगलं." मला फडक्यातून ती कुरकुरलेली ऐकू यायची. मी त्या दुपारी गाढ झोपले. त्या सगळ्या महिन्यात एवढी गाढ झोप मला लागली नव्हती.

उठल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. घर शांत होतं, आकडा तीस होता, कूलर चालू होता. मी गार पाणी प्यायले, डाव्या कुशीवर झाले, थांबले. गूळ खाल्ला, पुन्हा थांबले. आई भाजी निवडत बसली होती, ती वर बघून म्हणाली, "काहून गं?" मी म्हटलं, काही नाही. मग मी चप्पल घातली.

डॉक्टरबाईंनी यंत्र पोटावर इकडून तिकडं बराच वेळ फिरवलं. बाहेरचा रिक्षांचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी विचारलं, "शेवटची हालचाल कधी जाणवली होती?" त्या आठवड्यातल्या कुठल्याही दुपारचा पेटीचा आकडा विचारला असता तर मी तोंडपाठ सांगितला असता. हे मला सांगता आलं नाही. उन्हानं झालं का, रक्तदाबानं झालं का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, पुष्कळदा कारण सापडतच नाही. मुलगी होती. विकास सुरतेहून मिळेल त्या गाडीनं आला आणि तिला बघून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

पुढं बिल्डिंगमधले लोक बोललेच. पोटुशी बाई आणि घरात साप, दुसरं काय होणार! काढून टाका म्हणाले, शांत करून घ्या म्हणाले. ज्या तोंडांनी साखर खाल्ली त्याच तोंडांनी म्हणाले. मी एकदा जिन्यात थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की त्यानं माझं काहीही नेलेलं नाही, आणि पुन्हा माझ्या दारात हा विषय काढायचा नाही. नसीम खालांनी तेवढा माझ्या पाठीवरून हात फिरवला. आई गावी गेली ती परत उन्हाळ्यात कधी आली नाही. दिवाळीला येते, आतल्या खोलीकडं जात नाही. आणि मी दरवर्षी एप्रिल लागला की पेटी आत ओढते, बाटल्या भरून बर्फाला लावते, आकडा बघते. विकास म्हणतो, असले साप वीस-पंचवीस वर्षंही जगतात. जगू दे.

पण त्या दिवशीची आई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिला दवाखान्यात माझ्या खाटेजवळ आणलं तेव्हा ती रडली नाही. माझा हातही तिनं धरला नाही. शेतातल्या बांधावर कुणाशी भांडायला उभी राहते तशी, पदर खोचून उभी राहिली आणि डॉक्टरबाईंकडं बघून बोलायला लागली.

"पर ते तर जित्तं हाय की," ती म्हणाली. "डोळं बी आलं त्याचं. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. काय बी व्हऊ दिलं नाय आमी त्येला. मंग?"

डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीकडं. आई उत्तराची वाट बघत तशीच उभी होती.